काचेखालचे कॉकपिट

लढाऊ विमानाच्या पॅनेलवरची नेहमीची डायल साधारण आठ सेंटिमीटर व्यासाची असते. १/३२ प्रमाणात ती अडीच मिलिमीटरची होते, १/४८ मध्ये दीड-पावणेदोनची आणि १/७२ मध्ये जेमतेम एक मिलिमीटरची, मोहरीच्या बारक्या दाण्याएवढी. त्या दाण्यावर काटा, आकडे, लाल-पिवळ्या मर्यादारेषा आणि वर काचेची चमक, हे सगळे दिसलेच पाहिजे असा हट्ट धरणारी माणसे जगभर आहेत. त्यांच्या हट्टावर चेक प्रजासत्ताकापासून चीनपर्यंत अनेक कंपन्यांचा धंदा चालतो. प्लास्टिकच्या प्रतिकृती जुळवणाऱ्यांच्या जगात जेट विमानाचे कॉकपिट हा आज स्वतंत्र उपविषय झाला आहे. विमान अजून डब्यात पडून असते आणि कॉकपिटसाठी वेगळे घेतलेले सुटे भाग मूळ संचापेक्षा महाग पडलेले असतात, असे सर्रास घडते.

निरोगी डोळा तीसेक सेंटिमीटरवरून साधारण एक दशांश मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. १/४८ मध्ये हे अंतर म्हणजे खऱ्या विमानातले जवळजवळ पाच मिलिमीटर, १/७२ मध्ये सात. खऱ्या पॅनेलवरच्या अक्षरांची उंचीच जेमतेम तेवढी असते आणि त्यांची रेघ तर अर्ध्या-एक मिलिमीटरची. म्हणजे ती अक्षरे कितीही चोख छापली तरी टेबलावर ठेवलेल्या प्रतिकृतीत ती वाचता येणार नाहीत. ती वाचतो तो कॅमेरा. मोबाइलची लेन्स कॉकपिटच्या तोंडाशी नेऊन काढलेला फोटो पडद्यावर खऱ्या पॅनेलएवढा मोठा दिसतो. गेल्या काही वर्षांत कॉकपिटच्या तपशिलाची शर्यत वाढली, ती मला वाटते या फोटोमुळे. डोळ्याला खुर्ची, काच, कॉकपिटच्या कडा आणि रंगातला फरक आधी दिसतो. डायल सर्वांत शेवटी. बाजारातल्या मालाचा आणि चर्चेचा भर मात्र बरोबर उलट्या क्रमाने आहे. हा आढावा त्या उलट्या क्रमाचा आहे, आणि त्यासाठी हाताशी एकच विमान धरलेले बरे: मिग-२१.

मिग-२१ निवडायचे कारण भावनिकही आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला तो याच विमानासाठी, आणि भारतात या जातीची सहाशेहून अधिक विमाने बांधली गेली. चेकोस्लोव्हाकियातही एरो कंपनीने त्याची सुरुवातीची आवृत्ती बांधली होती. प्रतिकृतींच्या जगात मिग-२१ ला सर्वांत चांगला न्याय दिला तो त्याच देशातल्या एडुआर्ड या कंपनीने. १९८९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी आधी एचिंग केलेले पितळी सुटे भाग विकायची. २०११ पासून तिने १/४८ मध्ये मिग-२१ ची मालिकाच आणली. त्यामुळे संचातले प्लास्टिक, पितळ, रेझिन आणि छापील पॅनेल या सगळ्यांची तुलना एकाच विमानावर करता येते. अशी सोय दुसऱ्या जेटबाबत क्वचितच सापडते.

जुन्या संचांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. साठच्या दशकातले १/७२ जेट उघडले तर कॉकपिट म्हणून एक आडवी फळी, तिच्यावर खुर्ची आणि खुर्चीत प्लास्टिकचा वैमानिक बसलेला असे. वैमानिकाचे हेल्मेट काचेतून दिसले की काम भागले. बाकीच्या अंधारात काय आहे ते कोणी विचारत नसे, आणि काच एवढी जाड होती की विचारून उपयोगही नव्हता. अमेरिकेतल्या मोनोग्रामने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून १/४८ मध्ये जी जेट काढली, त्यांनी हे चित्र बदलले. पॅनेलवरच्या डायल, बाजूच्या कन्सोलवरची बटणे, भिंतीवरच्या नळ्या हे सगळे प्लास्टिकमध्येच उठावाने ओतलेले असे. पोलादी साच्यातला तो उठाव आजही नीट रंगवला तर भल्याभल्या नव्या मालापुढे उभा राहतो. त्याच सुमारास युरोपात बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी गडद वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग), ड्राय ब्रश (कडांवर फिरवलेला जवळजवळ कोरडा कुंचला) आणि ओतीव रेझिनचे सुटे भाग यांची जोड लोकप्रिय केली, आणि कॉकपिट हे स्वतंत्र काम झाले.

कॉकपिटमधली कोणतीही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही, हे इथेच सांगायला हवे. सूचनापत्रिकेतली पहिली पायरी जवळजवळ नेहमी कॉकपिटची असते. ते रंगवून धडाच्या दोन अर्ध्या भागांमध्ये बंद करायचे आणि मगच पंख, शेपूट, चाके. पुढे महिनाभर घासणे, पुट्टी, रंग चालणार आणि ते बंद कॉकपिट मास्किंग टेपखाली वाट पाहणार. पुढच्या चाकावर उभ्या राहणाऱ्या अनेक जेटना शेपटीवर बसू नये म्हणून नाकात वजन भरावे लागते. मासेमारीचे शिसे त्यासाठी उत्तम, पण त्याची जागाही कॉकपिटच्या पुढे-मागेच असते. रेझिनचे खोल कॉकपिट घेतले की शिशाची जागा जाते, आणि ही गोष्ट धड चिकटवल्यावर लक्षात येऊन उपयोग नसतो.

आता साहित्य. पितळी पत्र्याचे तंत्र छपाईसारखे आहे. पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाला संवेदनशील लेप, त्यावर चित्र, मग आम्ल. जिथे लेप नाही तिथला धातू विरघळतो. एका बाजूनेच खाल्ला तर अर्धी जाडी उरते आणि ती घडीची रेघ होते. पत्र्याची जाडी एक ते दोन दशांश मिलिमीटर. त्यामुळे खुर्चीच्या पट्ट्यांची बकले, रडर पेडल, काचेच्या चौकटीवरचे आरसे, कुलपाचे आकडे अशा खरोखर पातळ वस्तूंना पितळाला तोड नाही. पॅनेलच्या बाबतीत मात्र पितळ सपाट पडते. खरे बटण पुढे आलेले असते, पितळातले बटण ही नुसती आकृती. पूर्वी डायलची छिद्रे असलेला पत्रा, त्यामागे काटे-आकडे छापलेली पारदर्शक फिल्म आणि तिच्या पाठीला पांढरा रंग, असे तीन थर करत. त्यात खोली येई आणि माझ्या मते तेच जास्त खरे दिसे. नंतर एडुआर्डने कारखान्यातच रंगवलेला पत्रा आणला. काम मिनिटांवर आले, पण जवळून पाहिले तर रंग बारीक ठिपक्यांचा असतो, आणि मिगच्या पॅनेलचा निळसर हिरवा रंग पत्र्यावर एक आणि आपण भिंतीला दिलेला दुसराच, हा घोळ कायमचा. तो जुळवायचा तर पत्र्याचा रंग प्रमाण धरून बाकीचे कॉकपिट त्याला जुळवून घ्यावे लागते. उलटे करता येत नाही.

रेझिन हा दुसरा मार्ग. मूळ नमुन्यावरून सिलिकोन रबराचा साचा, साच्यात पॉलियुरेथेन. रबर वाकते, म्हणून पोलादी साच्यातून निघणार नाहीत असे मागे वळलेले आकारही निघतात. बाजूच्या भिंतीवरच्या तारांचे जुडगे, खुर्चीच्या गादीच्या सुरकुत्या, कन्सोलच्या कडेखालची पोकळी यांत रेझिनला अजूनही मान आहे. चेक कंपनी एअरेस यात वर्षानुवर्षे नावाजलेली. पण ओतल्यावर रेझिन थोडे आक्रसते आणि भिंती जाड असतात. धडाची आतली बाजू घासून पातळ केल्याशिवाय रेझिनचे कॉकपिट बसत नाही. बसवायचा प्रयत्न केला की धडाच्या शिवणीला फट पडते, फट पुट्टीने भरावी लागते आणि काच बसत नाही. हे घासणे पाण्याखाली किंवा मास्क लावून करायचे, कारण ती धूळ फुप्फुसांना वाईट. एडुआर्डच्या मिग-२१ च्या संचात कॉकपिटचे प्लास्टिकच एवढे चांगले आहे, की तिथे पूर्ण रेझिन कॉकपिट घेणे मला उधळपट्टी वाटते. त्यात घ्यायचीच तर रेझिनची खुर्ची घ्यावी.

तिसरा मार्ग नवा आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत रशियातल्या क्विंटा स्टुडिओने थरांवर थर छापलेली पॅनेल आणली. ती साध्या डिकालसारखी, म्हणजे छापील चिकटचित्रासारखी, कागदावरून पाण्यात सुटतात, पण उठावाची असतात. बटणे वर आलेली, डायलवर चकाकी, पट्ट्यांना शिवण. एडुआर्डनेही आपल्या पद्धतीने असाच माल काढला. संचातला उठाव घासून सपाट करायचा आणि फेविकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाने हे चिकटवायचे. निकाल थक्क करणारा असतो आणि इथेच माझी कुरकूर आहे. हे पॅनेल नवेकोरे आणि झगझगीत दिसते. भोवतालचे हाताने रंगवलेले, धुरकट, वापरलेले कॉकपिट त्याच्यापुढे मरगळते. शिवाय त्याच विमानाची दहा कॉकपिटे शेजारी ठेवली तर दहाही सारखीच. मॅट वार्निशचा एक पातळ हात पॅनेलभर आणि मग फक्त डायलवर ग्लॉसचा थेंब, एवढे केले तरी बरेच सुधारते. बहुतेक जण तेही करत नाहीत, कारण फोटोत चकाकी चांगली येते.

चौथा मार्ग घरच्या रेझिन प्रिंटरचा. पडद्याच्या प्रकाशाने थर घट्ट करणारी ही यंत्रे आता मध्यमवर्गीय छंदाच्या आवाक्यात आली आहेत, आणि अर्ध्या दशांश मिलिमीटरहून पातळ थर देतात. अडचण यंत्राची नाही, फाइलची आहे. खुर्चीचे त्रिमिती चित्र कोणी, कशावरून काढले, हे विचारल्याशिवाय छापलेली खुर्ची म्हणजे कोणाच्या तरी अंदाजाची अचूक नक्कल. न सुकलेले रेझिन कातडीला चावते. हातमोजे आणि हवेशीर खोली लागतेच, आणि मुंबईतल्या वन-रूम-किचनमध्ये हा विचार आधी करावा.

या सगळ्यात जुना आणि स्वस्त मार्ग मागे पडला, तो म्हणजे हाताने बनवणे. जुन्या चार्जरच्या वायरमधली तांब्याची एक तार साधारण दोन दशांश मिलिमीटरची असते. १/४८ मध्ये ती जवळजवळ एक सेंटिमीटर जाडीची केबल झाली, म्हणजे ऑक्सिजनच्या नळीला किंवा तारांच्या जुडग्याला नेमकी. गोळ्यांच्या पाकिटाची पन्नी सरळ करून कापली की खुर्चीच्या पट्ट्या होतात, आणि त्या कापडासारख्या पडतात, तशा पितळाच्या कधीच पडत नाहीत. इंजेक्शनची सुई ही तयार पोलादी नळी. खाऊच्या पारदर्शक डब्याचे झाकण गनसाइटची काच होते. परदेशातून एनॅमलसारखे रंग हवाई टपालाने मागवता येत नाहीत, कारण ज्वलनशील द्रव टपालात चालत नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या मंडळींनी कलासाहित्याच्या दुकानातल्या ॲक्रिलिक आणि तैलरंगांवर हात बसवला. त्यात काही बिघडले असे मला वाटत नाही.

आता जे आधी दिसते त्याकडे येऊ, म्हणजे खुर्चीकडे. एकासनी जेटच्या कॉकपिटमध्ये वरून पाहिले तर बरीचशी जागा इजेक्शन सीटनेच व्यापलेली असते. मिग-२१ चे कॉकपिट अरुंद आणि खोल आहे, कडा उंच, समोर रडारच्या पडद्याचे नळकांडे पुढे आलेले, वर गनसाइट. पॅनेलचा खालचा भाग बाहेरून दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य. पण खुर्चीचे डोके, त्यावरचे पॅराशूटचे खोके, खांद्यावरच्या पट्ट्या काचेच्या थेट खाली. म्हणून खुर्ची चुकली की कॉकपिट चुकते.

आणि खुर्ची फार वेळा चुकते. भारतीय हवाई दलाचे टाइप ७७, म्हणजे मिग-२१ एफएल, यांत जुनी एसके खुर्ची होती आणि काचेचे छत पुढच्या बाजूच्या बिजागरावर उघडत असे. उडी मारताना ते छत खुर्चीसोबतच निघे आणि वैमानिकाला वाऱ्याच्या झोतापासून झाकत असे, अशी ती योजना. पुढच्या एमएफ आणि बिस आवृत्त्यांत केएम-१ खुर्ची आली आणि छत उजवीकडे उघडू लागले. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नमेंट हाऊसवर हल्ला करणारी मिग-२१ विमाने एफएल होती. ते विमान बांधायचे असेल आणि डब्यात एमएफ असेल, तर शेपटीवरचे आकडे बदलून भागत नाही. खुर्ची, छत, पाठीचा उंचवटा सगळेच वेगळे. पाश्चात्त्य जेटमध्येही हाच सापळा आहे. अमेरिकेची एसेस-२ ही खुर्ची एफ-१५ मध्येही आहे आणि एफ-१६ मध्येही. पण एफ-१५ मध्ये तिची ओढायची मूठ दोन्ही बाजूंना आहे, एफ-१६ मध्ये गुडघ्यांच्या मधोमध, आणि शिवाय एफ-१६ ची खुर्ची तीस अंश मागे कललेली. एकाच पाकिटातली खुर्ची दोन्हीकडे बसवणारे बसवतात, आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची मूठ नको तिथून डोकावते. ही चूक १/७२ मध्येसुद्धा नुसत्या डोळ्यांना दिसते, कारण कॉकपिटमधला सर्वांत भडक रंग तिथेच असतो.

वैमानिक बसवायचा की नाही, यावर दोन तट आहेत. मी बसवणाऱ्यांच्या बाजूचा, निदान उडत्या स्थितीतल्या प्रतिकृतीसाठी. रिकामी खुर्ची म्हणजे विमान जमिनीवर उभे. मग खुर्चीच्या स्फोटकांना सुरक्षिततेच्या पिना हव्यात, त्यांना लाल फिती हव्यात, शिडी हवी, आणि पडदे बंद हवेत. डायलऐवजी पडदे असलेल्या आधुनिक काच-कॉकपिटमध्ये बंद पडदा म्हणजे काळपट, चकचकीत चौकोन. पण पाकिटातला डिकाल हिरव्या नकाशाने उजळलेला असतो म्हणून तो लावला जातो, आणि इंजिन बंद, चाकांना ठोकळे, शिडी लावलेली अशा विमानात सगळे पडदे चालू दिसतात.

रंगाचा प्रश्न सोव्हिएत विमानांत अवघड, अमेरिकन विमानांत सोपा. अमेरिकेची फेडरल स्टँडर्ड रंगमाला पाच आकड्यांची आहे. पहिला आकडा चमक सांगतो, दुसरा रंगाचा गट. एफ-१६, एफ-१५ आणि बऱ्याच फँटमचे कॉकपिट ३६२३१ या करड्या रंगाचे: ३ म्हणजे मॅट, ६ म्हणजे करडा. बाटलीवर आकडा पाहिला की काम झाले. मिग-२१ च्या त्या प्रसिद्ध निळ्या-हिरव्या रंगाला असा सर्वमान्य आकडा नाही. या रंगाने डोळे कमी थकतात, असे त्यामागचे कारण सांगतात. कारखाना, काळ आणि ऊन यांप्रमाणे तो कुठे पोपटी, कुठे आकाशी झुकतो, आणि दुरुस्तीत हाताने लावलेला रंग आणखी तिसराच. रंग बनवणाऱ्या कंपन्या हा एकच रंग म्हणून ज्या बाटल्या विकतात, त्या शेजारी ठेवल्या तर एकमेकींशी जुळत नाहीत. मला वाटते यात भांडण्यासारखे काही नाही. भडक बाटली टाळावी आणि थोडे पांढरे मिसळावे, कारण छोट्या वस्तूवर रंग मुळापेक्षा गडद भासतो. काळ्याचेही तसेच: डायलभोवतीचे काळे पॅनेल शुद्ध काळे रंगवले तर ते भोक दिसते; गडद करडा दिला तर पॅनेल दिसते. सुखोई-२७ च्या काळापर्यंत सोव्हिएत कॉकपिट निळसर करड्याकडे सरकले होते, त्यामुळे मिगची बाटली सुखोईला लावू नये.

मिग-२१ च्या पॅनेलवर एक गोष्ट मात्र कोणत्याही अंतरावरून दिसते आणि ती फुकट आहे: मधोमध उभी पांढरी रेघ. विमान गिरकीत सापडले आणि दिशाभान गेले, तर नियंत्रणाची कांडी त्या रेघेच्या रोखाने पुढे रेटायची, यासाठी ती. पुढच्या रशियन लढाऊ विमानांतही ती आढळते. तीन हजारांचा छापील संच न घेता काळ्या-हिरव्या पॅनेलवर ही एक सरळ रेघ ओढली तरी जाणकार विमान ओळखतो.

रंगवण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे, फक्त क्रम पाळावा लागतो. पाया ॲक्रिलिकचा, त्यावर ग्लॉस वार्निश, त्यावर गडद तपकिरी-काळा वॉश एनॅमल किंवा तैलरंगाचा. द्रावक वेगळा असल्याने वॉश खालचा रंग उचलत नाही. टर्पेंटाइन मात्र प्लास्टिकवर साचू देऊ नये, ते ठिसूळ होते. मग कडांवर हलका ड्राय ब्रश. कन्सोल ज्या पाव वळणाच्या स्क्रूंनी बसवलेले असतात, त्यांचे करडे ठिपके टोकदार पेन्सिलीने द्यावेत. दूर अंतरावरून हे ठिपके डायलपेक्षा जास्त काम करतात, कारण त्यांच्या सरळ ओळी डोळा पकडतो. डायलसाठी जुनी युक्ती अजून चालते: आधी पांढरा रंग, वाळल्यावर वरून काळा, आणि ओला असतानाच टोकदार काडीने खरवडून पांढरे आकडे उघडे करायचे. डिकाल वापरायचा तर तो उठावावर बसण्यासाठी मऊ करणारे द्रव्य लागते. संपूर्ण पॅनेलचा एक डिकाल लावण्यापेक्षा प्रत्येक डायल गोल छेदणीने काढून वेगळी लावली तर निकाल खूप चांगला येतो आणि हात मात्र दुखतो.

हे सगळे झाल्यावर ज्यातून ते बघायचे ती काच. कॉकपिटवर दोन आठवडे घालवणारा माणूस काचेला अर्धा तास देतो, हे मला कधी समजले नाही. संचातली काच एक मिलिमीटर जाड धरली तर १/४८ मध्ये ती जवळजवळ पाच सेंटिमीटर जाड झाली. उघडी ठेवली की ती जाडी कडेला डोळ्यांत खुपते आणि आतले दृश्य वाकवते. एफ-१६ सारख्या फुग्याच्या आकाराच्या काचेला साच्यामुळे मधोमध शिवण येते. ती बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरांनी घासून, पॉलिश लावून पुन्हा पारदर्शक करावी लागते, आणि पहिल्या घासण्यानंतर काच दुधी झाली की नवखा घाबरतो. अमेरिकेत फरशीच्या चमकीसाठी विकले जाणारे फ्यूचर हे पारदर्शक ॲक्रिलिक या कामासाठी वर्षानुवर्षे वापरात होते. काच त्यात बुडवली की बारीक ओरखडे भरत. आता ते मिळत नाही, पण ग्लॉस ॲक्रिलिक वार्निश तेच करते. इन्स्टंट ग्लू काचेजवळ आणू नये. त्याची वाफ आतून पांढरा धूर बसवते आणि बंद झालेल्या कॉकपिटात तो पुसता येत नाही. काच पांढऱ्या डिंकाने चिकटवावी.

चौकटीचा रंग बाहेरून देताना आधी कॉकपिटचा रंग द्यायचा आणि त्यावर बाहेरचा. आतून पाहिले की पारदर्शक प्लास्टिकमधून निळा-हिरवा दिसतो, बाहेरून करडा. ही इतकी साधी गोष्ट आहे आणि न केलेली लगेच कळते. सी हॅरिअरच्या काचेवर तर आणखी एक खूण असते: नागमोडी वळणांची स्फोटक दोरी. उडी मारताना ती काच फोडते. गोव्याला दाबोळीच्या नौदल विमान संग्रहालयात भारतीय सी हॅरिअर आहे. ते निळसर करडे विमान पाहताना आधी ती नागमोडी रेघच डोळ्यांत भरते. पॅनेलचा संच न लावता ती रेघ नीट काढलेले सी हॅरिअर, उलट केलेल्यापेक्षा शंभर पटींनी खरे वाटते.

राहता राहिला संदर्भ. परदेशी मिग-२१ च्या कॉकपिटांची पुस्तके आणि फोटो भरपूर आहेत, पण त्यांतली बरीच संग्रहालयातल्या विमानांची. ती पुन्हा रंगवलेली, डायल काढून घेतलेली, कधी पश्चिमेकडच्या खासगी मालकांनी नवी उपकरणे बसवलेली. भारतीय विमानांचे तर अजून कठीण. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला शेवटच्या तुकडीने निरोप घेतला, तिची विमाने बायसन आवृत्तीची होती. मूळ बिस विमानांत नवे रडार, एचयूडी (नजरेसमोरच्या काचेवर माहिती दाखवणारे उपकरण), डिजिटल पडदा आणि समोरची एकसंध काच बसवून बायसन तयार झाले होते. त्यामुळे बिसच्या संचातले पॅनेल बायसनला लागू पडत नाही; गनसाइट जाते, रडारचे नळकांडे जाते, समोरच्या काचेची चौकट जाते. या आवृत्तीच्या कॉकपिटचे समोरून काढलेले फोटो मिळतात, पण प्रतिकृती करणाऱ्याला हवे असतात ते बाजूच्या भिंतींचे, खुर्चीमागच्या जागेचे आणि छताच्या आतल्या बाजूचे, तेही कडेला मोजपट्टी धरून.

आता ही विमाने शाळा-कॉलेजांच्या दारात आणि चौकात उभी राहतील. अशा अनेक जुन्या विमानांची काच आतून किंवा बाहेरून रंगवून टाकलेली दिसते, म्हणजे ऊन आणि कुतूहल दोन्ही आत जाऊ नयेत. हवाई तळावर फोटो काढायची मुभा नसते आणि नसावीच. पण चंडीगडच्या हवाई दल वारसा केंद्रात किंवा दिल्लीत पालमच्या संग्रहालयात रीतसर परवानगी मागून, एखाद्या टाइप ७७ चे आणि एखाद्या बायसनचे कॉकपिट खुर्ची काढून सर्व बाजूंनी मोजून ठेवण्यात अडचण नसावी. ओझरला ही विमाने जुळवलेले, त्यांच्या भिंतींवर तारा ओढलेले अनेक निवृत्त कामगार आज नाशिकमध्ये आहेत. डाव्या कन्सोलखाली कोणती नळी कोणत्या रंगाची होती, हे एडुआर्डच्या सूचनापत्रिकेपेक्षा त्यांना नक्कीच जास्त माहीत असणार.